घोंगडीवरचा आरसा

पोस्टकार्ड अजून मिळतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुण्यात माझ्या टेबलावर ते येऊन पडलं तेव्हा आधी वाटलं, कुणाच्या तरी तेराव्याचं असेल. मजकूर एका ओळीचा होता: 'मॅडम, आपण आरसा बघितलाय का?' खाली सही, सुभेदार (निवृत्त), तालुका कोरेगाव.

बघितला नव्हता. आणि तो आरसा सदोष आहे असं सांगणाऱ्या अहवालावर तिसरी सही माझी होती.

माझा धंदा मोठ्या दुर्बिणींचे आरसे मोजण्याचा. डोंगरमाथ्यावरच्या त्या दुर्बिणींचा आरसा खोलीएवढा असतो, तुकडे जोडून केलेला, आणि दुर्बीण कलली की तो स्वतःच्याच वजनाने वाकतो. काच वाकते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. एका केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एखाद्या भागाइतकीच ती वाकते, पण तेवढ्यानेही ताऱ्याचा ठिपका फिसकटतो. किती वाकली ते मोजायचं, मागचे दट्टे पुढेमागे करून प्रत्येक तुकडा पुन्हा ताळ्यावर आणायचा, हे मी उमेदीची सगळी वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर गावोगावच्या दुर्बिणी तपासणाऱ्या एका समितीने मला सभासद करून घेतलं. मान मिळाला, चहा मिळाला, आणि सही करायची सवय लागली.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला एका माळावर मायाप्पा बंडगर नावाच्या माजी सैनिकाने स्वतःच्या हाताने दोन फुटी आरसा घासला होता. गावाने शाळेमागे पत्र्याची खोली बांधून त्याची दुर्बीण उभी केली होती. समितीचे अध्यक्ष आणि आणखी एक सभासद गाडीने गेले, एका संध्याकाळी पाहून आले, फोटो घेऊन आले. फोटोत तारा गोल नव्हता, अंड्यासारखा लांबुळका होता. मी विचारलं, "आरसा बैठकीवर फिरवून पाहिला का?" अध्यक्ष म्हणाले, "सगळं केलंय हो." मी सही केली.

अहवालाचा अर्थ असा, की गावची दुर्बीण उतरवायची, आरसा जिल्ह्याच्या गावी एका सभागृहात शोभेला टांगायचा आणि तयार विलायती दुर्बीण शहरातच बसवायची. सोमवारच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब होणार होतं. मी बुधवारी निघते म्हटल्यावर अध्यक्षांचा फोन आला. "समितीने तुम्हाला पाठवलेलं नाही, हे लक्षात ठेवा."

"म्हणूनच तर जाते," मी म्हणाले, आणि एसटीत बसले.

बुधवार. कोरेगाव

साताऱ्याला गाडी बदलताना स्टँडवर कंदी पेढे घेतले. रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये, आणि ज्याचं नुकसान करून बसलोय त्याच्याकडे तर नाहीच. दुसऱ्या गाडीत चढताना एक अपघात झाला. वरच्या फळीवर ठेवलेली माझी पिशवी एका वळणावर खाली आली आणि आत काचेचा आवाज झाला. चाचणीसाठी मी खोटा तारा बरोबर घेतला होता, म्हणजे बारीक भोकाचा एक खास दिवा. त्याचे तुकडे झाले होते.

कळवल्याप्रमाणे कोरेगावच्या स्टँडवर सुभेदार उभे होते. सत्तरीचा माणूस, पाठ अशी ताठ की शेजारचा खांब कललेला वाटावा. नमस्कार वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "बघितला न्हवता न्हवं?"

"नाही."

"मग ठीक हाय. खोटं बोलला असता तर हितनंच परतीच्या गाडीत बसवून दिलं असतं."

त्यांच्या घरी वाघ्या घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. हा घेवडा वाघासारखा पट्ट्यापट्ट्यांचा असतो आणि शिजला की आमटी लोण्यासारखी होते. आम्ही पुण्याचे लोक आमटीत गूळ टाकल्याशिवाय राहत नाही. इथे चारी बाजूंनी ऊस, घराघरात गुळाची ढेप, आणि आमटीत त्याचा खडासुद्धा नाही. मी तसं म्हणाले, तर सुभेदार म्हणाले, "गोड बोलायचं असलं तर तोंडानं बोलावं, आमटीनं न्हाई." मी आणखी एक भाकरी घेतली.

जेवण झाल्यावर त्यांनी मायाप्पाचं सांगितलं. दोघं एकाच तुकडीत होते. सुभेदार तोफेवर, मायाप्पा तोफेच्या नेमाच्या दुर्बिणी दुरुस्त करणारा. "त्यानं लावून दिलेली दुर्बीण मी कवाच दुसऱ्यांदा तपासली न्हाई," सुभेदार म्हणाले. "माझी माणसं त्या नेमावर जगली. अन् तुमी तिघं म्हणता, त्याचा आरसा वाकडा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, अहवाल आल्यापासनं त्यानं खोलीला कुलूप घातलंय. म्हणतोय, सोमवारी ठराव झाला की घण घालतो आरशावर. पर सभागृहात टांगू देणार न्हाई."

मला रागच आला, आणि तो आधी स्वतःचा आला. एका माणसाने काच पिंपावर ठेवून, भोवती फिरत फिरत दोन वर्षं घासली, आणि मी चहा संपायच्या आत ती मोडीत काढली होती.

गुरुवार. इस्लामपूर, तासगाव आणि पुढे

सुभेदारांच्या जीपने निघालो. इस्लामपूरच्या अलीकडे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला आणि पुढेच राहिला. पुण्यात एव्हाना दहा हॉर्न वाजले असते. सुभेदारांनी हॉर्नला हात लावला नाही. ऊस साखरेला निघालाय, त्याला घाई नाही, असं त्यांचं म्हणणं.

फुटलेल्या दिव्याला काहीतरी पर्याय हवा होता. इस्लामपुरात साखर कारखान्याची यंत्रं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे. तिथल्या मिस्त्रीला मी सांगितलं, "मला एक तारा करायचा आहे."

त्याने मान वरही केली नाही. "किती साइजचा?"

मी हरभऱ्याएवढा म्हणाले. त्याने बेअरिंगची एक पोलादी गोळी शोधून काढली आणि पॉलिशच्या चाकावर धरून अशी लखलखीत केली की तिच्यात सबंध वर्कशॉप दिसायला लागलं. युक्ती साधी आहे. सकाळच्या उन्हात अशी गोळी लांबवर ठेवली की तिच्यावर सूर्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकतो. दुर्बिणीला तो दिवसा उगवलेला तारा. मोठ्या वेधशाळांत मी महागड्या दिव्यांनी जे केलं, ते ही गोळी करणार होती.

तासगावच्या आसपास बेदाण्याच्या शेड लागल्या. हिरव्या जाळ्या, आत थरावर थर द्राक्षं, आणि रस्ताभर गोडसर आंबूस वास. अशाच एका रिकाम्या शेडमध्ये मायाप्पाने हंगाम नसताना आरसा घासला होता. तासगाव सोडलं तसा ऊस आटोपला, मग द्राक्षं आटोपली, आणि राहिल्या बाभळी, पवनचक्क्या आणि आभाळ. एका मेंढरांच्या कळपासाठी आम्ही पाऊण तास थांबलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या अहवालातही ते चुकीचंच छापलं होतं.

मायाप्पा अंगणात बसला होता. काटक, अबोल, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. सुभेदारांना त्याने रामराम केला आणि माझ्याकडे बोट केलं. "तिसरी सही ती हीच बाई का?"

"हो," मी म्हणाले. "सही माझी. आरसा न बघता केली. चुकलं."

"मग आता कशाला आलाय?"

"बघायला."

त्याची बायको हौसाबाई, तिला गाव हौसाक्का म्हणतं, पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन बाहेर आली. मायाप्पा तिला म्हणाला, "पाणी दे. किल्ली देऊ नको."

संध्याकाळी हुलग्याचं माडगं होतं. गरम, दाट, लसणाच्या वासाचं. आमच्याकडे हुलगा बैलाला घालतात असं मी ऐकत आले होते. तो बैल किती सुखी असेल हे वाटी संपल्यावर कळलं. मायाप्पा जेवून निमूट उठला. तो गेल्यावर हौसाक्काने खुंटीवरची किल्ली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"त्यो न्हाई म्हणंल," ती म्हणाली. "पर आरसा काय त्याचा एकल्याचा न्हाई. त्यो घासत हुता तवा मेंढरं मी एकलीनं राखली. बघा तुमी ताई, नीट बघा. वाईट असंल तर वाईट म्हणा. पर बघून म्हणा."

शुक्रवार. अंडं

सूर्य उगवून हातभर वर आला तेव्हा आम्ही तयार होतो. चाचणी सकाळीच करावी लागते, ऊन चढलं की माळावरची हवा उकळायला लागते. समोर, मावळतीच्या टेकडीवर बिरोबाचं देऊळ. सुभेदार आदल्या संध्याकाळीच तिथल्या ओट्यावर काळं फडकं टाकून त्यावर गोळी बसवून आले होते. ऊन आमच्या पाठीशी होतं, म्हणजे आरशावर सूर्य पडून काही पेटायची भीती नव्हती. मी दुर्बीण टेकडीकडे वळवली. गोळीवरचा ठिपका झळकला, आणि मी तो जाणूनबुजून थोडा अस्पष्ट केला. चांगल्या आरशात अशा वेळी गोल चकती दिसते. मला अंडं दिसलं. दुसऱ्या बाजूला अस्पष्ट केलं, तर आडवं अंडं उभं झालं.

मागून आवाज आला, "अंडंच हाय न्हवं?" मायाप्पा दारात उभा होता.

"अंडं आहे. पण ते कुणाचं, ते अजून कळलेलं नाही."

हे त्याला समजावून सांगितलं, कारण सगळी मेख इथे होती. काच आपल्या बैठकीवर पाव वळण फिरवायची आणि पुन्हा बघायचं. अंडंही तिच्याबरोबर फिरलं, तर खोट काचेत. अंडं जागच्या जागी राहिलं, तर खोट बैठकीत, काच निर्दोष. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. हौसाक्का ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे बाजलं कुरकुरलं तर आदी बघायचं, बाजलं मोडकं हाय का खालची जमीन वाकडी." मी म्हणाले, अगदी तेच.

मायाप्पाने दुर्बिणीच्या नळीतून आरशाची चौकट उतरवली आणि टेबलावर ठेवली. चिमटे सोडले. तो आणि सुभेदार आरशाच्या कडेला हात घालून उचलायला लागले, तर आरसा हलेना. पुन्हा जोर लावला. चौकटच आरशाबरोबर वर आली.

"थांबा!" मी ओरडले. तेवढ्यात मला अहवालाचं सगळं उमगलं. कुणी फिरवून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर आरसा चिकटलाय हे समितीच्या त्या दोघांनाही कळलं असतं. 'सगळं केलंय' याचा अर्थ फोटो काढलेत, एवढाच होता.

आरशाखाली चौकटीवर एक जाड काळी घोंगडी घडी करून अंथरलेली होती. कडेला काच आणि घोंगडी यांच्यामधे काहीतरी पिवळट, कडक, पापुद्र्यासारखं. मी नखाने खरवडलं. मला वाटलं बुरशी. मायाप्पाला वाटलं, पत्र्यातून गळालेल्या पाण्याचा गंज. हौसाक्का पुढे आली, तिने ते बोटावर घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि तिथेच खाली बसली.

"माझी खळ हाय ही," ती म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेला चिकट लगदा. त्याने घोंगडी ताठ राहते, अंगावरून पाणी निथळून जातं. माळावरच्या माणसाने देव बसवायचा तो कोऱ्या घोंगडीवर. धुतली की कोरी राहत नाही. श्रावणात आरसा पहिल्यांदा चौकटीत बसवला, त्या दिवशी गावाने नारळ फोडला, भंडारा उधळला, आणि हौसाक्काने आपली घरची, एकदाही न भिजलेली घोंगडी आरशाखाली घातली. पुढे पाऊस झाला, पत्रा गळला, खळ भिजली, ओली होऊन काचेला लागली, आणि ऊन पडल्यावर वाळून आवळली. वाळताना तिने दोन फुटी काच पाठीमागून ओढून धरली. केसाच्या हजाराव्या भागाइतकीच ओढली असेल, पण ठिपक्याचं अंडं व्हायला तेवढं पुरतं.

मायाप्पाने घोंगडीच्या काठावरून बोट फिरवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे तुमच्या कागदात लिवू नका. म्हणा आरसा वाईट. चालंल मला. पर हिच्या घोंगडीनं झालं असं नगं."

ते हौसाक्काने ऐकलं. "का नगं?" ती ताडकन उठली. "मी चोरी केली व्हय? देवासारखं बसिवलं. चुकलं तर मीच सोडवती. सरका तुमी दोघं!"

तिने पाणी कोमट केलं. जुन्या धोतराच्या फडक्याने कडेकडेने ते पाणी खळीत जिरवत राहिली, थेंब थेंब, घाई न करता. काच ओढली तर तडकणार, पाणी गरम झालं तरी तडकणार. मी पाण्यात कोपर घालून बघत होते, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. मायाप्पा भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुभेदारही पहिल्यांदाच खांदे पाडून बसलेले मी पाहिले. दीड तास गेला. मग 'चट' असा आवाज झाला.  हौसाक्काने कडेला बोट घातलं आणि म्हणाली, "सुटला."

काच धड होती. मायाप्पा वळला आणि आरसा छातीशी धरून उभा राहिला.

शनिवार, रविवार. सही

मी पुण्याहून नमदा मागवायची गोष्ट काढली, म्हणजे कारखान्यात दाबून केलेली, सारख्या जाडीची लोकर. हौसाक्काने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने घोंगडी दगडावर आपटून धुतली, खळीचा मागमूस राहिला नाही असं मला हुंगून बघायला लावलं आणि दिवसभर उन्हात टाकली. संध्याकाळी मी तिला सांगितलं की घडी नको, आरशाला टेकायला सारखे तीनच तुकडे हवेत, तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही म्हणून. ती आत जाऊन मेंढरं कातरायची कातर घेऊन आली.

"देवाची घोंगडी हाय ती," मायाप्पा म्हणाला. "कातर लावू नको."

"देव काय थंडीनं मरतोय व्हय?" हौसाक्का म्हणाली, आणि तिने कातर चालवली. तिसऱ्या तुकड्याला तिचा हात थांबला. तिने पदराने डोळे टिपले, मग तोही कापला. मला तेव्हा माझ्या सहीची जितकी लाज वाटली, तितकी कोरेगावच्या स्टँडवरही वाटली नव्हती.

रविवारी सकाळी ठिपका पुन्हा झळकला. मी एका बाजूला अस्पष्ट केला, दुसऱ्या बाजूला केला. आरसा पाव वळण फिरवला, पुन्हा पाहिलं. मग बाजूला झाले आणि मायाप्पाला डोळा लावायला सांगितलं. तो बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"गोल," तो म्हणाला. "सुभेदार, बघा रं, गोल हाय!" आपल्या सुभेदाराला 'रं' म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. सुभेदारांनी बघितलं नाही. "मी तुझं कवा तपासलंय का गड्या?" ते म्हणाले आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

मी शाळेच्या बाकावर बसून समितीच्या छापील नमुन्यावर नवा अहवाल लिहिला. आरसा निर्दोष आहे. बैठकीत दोष होता, तो दूर केला आहे. आधीच्या तपासणीत आरसा फिरवून पाहिलेला नव्हता, आणि मी तर तो पाहिलाच नव्हता, म्हणून त्या अहवालावरची माझी सही मागे घेत आहे. नमुन्यात तीन सह्यांची जागा असते आणि प्रत्येकापुढे एक रकाना, 'तपासणीतील काम'. पहिली सही माझी. दुसरी मायाप्पाची: आरसा घडवला. तिसऱ्या जागेवर हौसाक्काने छापील रेघ धरून सावकाश सही केली, आणि तिच्या रकान्यात मी लिहिलं: दोष ओळखला आणि काढला.

फोटो काढून अध्यक्षांना पाठवला. दहा मिनिटांत फोन. "ही तिसरी सही कुणाची? या बाईंना आरशातलं काय कळतं?"

"खळ कळते," मी म्हणाले. "आपल्या तिघांना कळली नाही."

"अहो, पण तुमचीच सही आहे पहिल्या अहवालावर."

"होती."

तिन्ही सह्या असल्याशिवाय ठराव मांडता येत नाही, हा नियम अध्यक्षांनीच केलेला. सोमवारी तो मांडता आला नाही. दुर्बीण आहे तिथेच आहे, शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत, आता पत्रा गळत नाही. मला समितीतून काढल्याचं पत्र आलं, ते मी जपून ठेवलंय. त्याबरोबरच कळलं, की समिती स्वतः फेरतपासणीला पुढच्या महिन्यात माळावर जाणार आहे, माझ्याशिवाय.

हे मी पोस्टकार्डावर लिहून कोरेगावला कळवलं. उलट टपाली सुभेदारांचं कार्ड आलं. या वेळी दोन ओळी होत्या.

'येऊ द्या. हौसाक्का म्हणती, पाहुण्यास्नी बसाया खळीची कोरी घोंगडी भिजवून आंथरती. आरसा बघितल्याबिगर कुणी उठायचंच न्हाई.'